क्यूला फेरुल हवंच का?

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो, जवळच्या पार्लरमध्ये जवळपास रोजच स्नूकर खेळतो. मामांनी त्यांचा जुना अ‍ॅश लाकडाचा क्यू (खेळायची काठी) दिलाय पण त्याला पुढे पितळेची रिंग, म्हणजे फेरुल, नाहीये, टिप (बॉलला लागणारी चामड्याची चकती) डायरेक्ट लाकडावर चिकटवलीय. मित्र म्हणतो, फेरुल नसलं की फील भारी येतो, आहे तसाच ठेव. पार्लरवाला म्हणतो लगेच बसवून घे नाहीतर क्यू फुटेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : पार्लरवाल्याचं ऐका, फक्त ते 'लगेच' तेवढं सोडून द्या.

नियमाची काही अडचण नाही. क्यू किमान 914 मिमी लांब हवा, नेहमीच्या निमुळत्या आकाराचा हवा आणि टोकाला टिप हवी, एवढंच आहे, फेरुलचा विषयच नाही. ते असतं लाकडासाठी. अ‍ॅशच्या रेषा उभ्या जातात आणि प्रत्येक शॉटचा दणका त्या रेषांच्या तोंडावरच बसतो, टिप जाड आहे तोवर ती सांभाळून घेते पण झिजून पातळ झाली की दणका थेट लाकडाला, मग कडा पसरतात आणि एक दिवस चीर जाते. दुसरं म्हणजे टिप बदलताना घासकाम होतं. पितळ असलं की पॉलिश पेपर पितळेवर फिरतो, नसलं की दरवेळी थोडं लाकूड जातं, आणि क्यू मागे जाड होत जातो म्हणून टोकही हळूहळू जाड होतं. रोज खेळणाऱ्याला टिप बदलावीच लागते, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला फार विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

आता मित्राचं. टोकाला वजन जास्त असेल तर साईड लावल्यावर, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावी-उजवीकडे मारल्यावर, पांढरा बॉल उलट्या बाजूला जरा जास्त सरकतो, हे खरंय. पण साडेनऊ मिमीच्या टोकावर पातळ, सेंटिमीटरभर लांब पितळी रिंग म्हणजे वजन किती, एक-दीड ग्रॅम! टायटॅनियमची घेतलीत तर त्याच्याही साधारण निम्मं. फरक असतो, नाही असं नाही, पण आपल्याकडे पार्लरच्या टेबलावर कापड आणि कुशन (कडेची रबरी पट्टी) यांचीच अशी तऱ्हा असते की तो फरक मला तरी कधी वेगळा काढता आला नसता. फील बराचसा टिपचा असतो.

घाई का नको ते सांगतो. क्यू उजेडात तिरका धरा आणि टिपच्या खालचा बोटभर भाग बघा. चीर असेल तर तिच्यात टिपला लावायच्या चॉकची पूड भरलेली असते, केसासारखी बारीक निळी-हिरवी रेघ दिसते. दिसली तर खेळणं आजच थांबवा. नसेल तर ही टिप संपेपर्यंत खेळा आणि नवी लावतानाच फेरुल बसवून घ्या, कारण टिप तशीही काढावी लागतेच.

रिंग काय, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात कुठलाही टर्नर लेथवर मस्त काढून देईल (पितळेचं नाशिकला कुणी काय सांगावं, तांबट लेन आपलीच). पण लाकूड त्याच्या हातात देऊ नका. रिंग आत बसण्यासाठी टोक गोल आणि बरोब्बर मध्यावर उतरवावं लागतं, तिथे जरा तिरकं झालं की टिप कायमची तिरकी. ते क्यूचं काम करणाऱ्याकडेच करा, मुंबई-पुण्याला पाठवावा लागला तरी चालेल.

प्रश्न : माझ्या क्यूला फेरुल आहे पण हल्ली जोरात मारलं की 'टक' आवाज येतो. बदलायचं का?

उत्तर : आधी टिप बघा, बहुतेक वेळा तीच एका बाजूने सुटलेली असते. नवी लावूनही आवाज आला तर फेरुलचा गोंद सुटलाय. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये आकसतं, पितळ काही तसं हलत नाही, मग जोड ढिला होतो. नख फिरवलं तर कड लागेल. बाहेरून फेव्हीक्विक सोडायचा मोह आवरा, ते आत नीट पसरत नाही आणि नंतर काढताना लाकूड सोलून निघतं. थोडी ऊब देऊन रिंग काढायची, जुना गोंद खरवडायचा आणि दोन ट्यूबवाल्या अरल्डाइटने परत बसवायची. रिंग तीच चालते.