छताचा दिवा बदलताना फक्त भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे आहे का?

नाही, पुरेसे नाही. त्या सर्किटचा एमसीबी (वीजपेटीतला, बिघाड झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) किंवा मेन स्विचच बंद करावा. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) जोडलेले असते, तर काही ठिकाणी पुढच्या खोलीकडे जाणारी फेजची वायर छतातल्या त्याच जोडातून गेलेली असते, त्यामुळे दिवा विझला तरी तिथे वीज खेळती असू शकते. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासून मगच छतातल्या प्रत्येक वायरला लावावा. वायरच्या रंगावर विसंबू नये. जोडणी झाल्यावर कनेक्टरबाहेर तांब्याची एकही तार उघडी दिसू नये, आणि धातूच्या दिव्याला अर्थिंग द्यावेच. मात्र जुन्या वायरचे आवरण वाकवताच तडकत असेल, तर काम तिथेच थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवावे.