शाळा सुटल्यावर सरकारी शाळेचं आवार मुलांच्या उपक्रमांसाठी खुलं ठेवावं का? मुख्याध्यापक नाही का म्हणतात?

खुलं ठेवावंच. लोकांच्या पैशातून झालेलं मैदान संध्याकाळी कुलपात आणि मुलं वाहनांच्या मधून चेंडू शोधतायत, हे मला मुळीच पटत नाही.

पण नाही म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांवर राग धरू नका. संध्याकाळी कुणी पडलं, काच फुटली, नळ चालू राहून टाकी रिकामी झाली, तर सकाळी जाब त्यांनाच विचारला जातो. त्या वेळी ते हजर नव्हते, आलेल्या लोकांवर त्यांचा अधिकारही नव्हता, हे कुणी बघत नाही.

मी शिक्षिका आहे, म्हणून वर्गातलंही सांगते. फळ्यावर ‘पुसू नये’ असं लिहून अर्धवट ठेवलेलं गणित, भिंतीवरचे मुलांचे तक्ते, कपाटातले रंग. सकाळी फळा कोरा आणि बाक भलतीकडे दिसले की तो शिक्षक पुन्हा वर्ग द्यायला तयार होत नाही, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून सुरुवात मैदान, व्हरांडा आणि सभागृहापासून करा. वर्गखोल्यांचं पुढे बघता येईल.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात १९३५ मध्ये क्रीडाशिक्षण पाहणारे फ्रँक मॅन्ली यांनी उद्योगपती चार्ल्स मॉट यांना शाळा सुटल्यावर शाळेची जागा मुलांसाठी खुली ठेवायचं पटवलं. मॉट यांच्या देणगीतून शाळांमध्ये देखरेखीखाली खेळ सुरू झाले. पुढे तिथे मोठ्या माणसांचे वर्गही भरू लागले. माझ्या मते यातला ‘देखरेखीखाली’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. न्यूयॉर्कने २००७ मध्ये शाळांची पटांगणं शाळा नसते त्या वेळी खुली करायचं ठरवलं, तेव्हा काही लगेच उघडता आली, बाकीच्यांवर आधी खर्च करावा लागला.

तेव्हा नुसती परवानगी मागू नका, लेखी करार मागा. घंटा झाल्यानंतर जबाबदारी कुणाची, किल्ली कुणाकडे, नुकसान कोण भरून देणार, शिपायाच्या जादा वेळेचे पैसे कोण देणार, हे त्यात नावानिशी असू द्या आणि त्यावर शाळा चालवणाऱ्या प्रशासनाची सही घ्या. एकट्या मुख्याध्यापकांच्या भरवशावर सुरू झालेलं काम त्यांची बदली झाली की थांबतं.

स्वच्छतागृहाचा उल्लेखही करारात हवाच. मैदान उघडं आणि स्वच्छतागृहाला कुलूप असलं की मोठ्या मुली यायच्या बंद होतात, आणि त्याचं कारण त्या कुणाला सांगतही नाहीत.