आधी खाली उतर

चि. बाय हिस,

तुझा मेसेज तीनदा वाचला. मालवणात पार्किंगमध्ये तुझी गाडी एका कोल्हापूरच्या गाडीच्या बंपरला लागली, तू तशीच निघालीस, आणि पॅरिसमध्ये तर गाड्या ढकलूनच जागा करतात, मग यात काय मोठं, असं तुझं म्हणणं. एवढं लांबलचक तू बारावीच्या निकालावरही लिहिलं नव्हतंस. त्यात जेट्टीकडची गर्दी आहे, मागे हॉर्न वाजवत बसलेला टेम्पोवाला आहे, ऊन आहे, पॅरिस आहे, अमेरिका आहे. गाडी लागल्यावर तू खाली उतरलीस, एवढं मात्र कुठे नाही. उतरली नाहीस ना?

गाडी लागली याचं मला काही नाही. मे महिन्यात मालवणच्या बाजारपेठेत जायचं आणि गाडीला ओरखडा नको, तर गाडी घरीच ठेवावी. बैलगाडीच्या मापाचा रस्ता, दोन्ही अंगांना दुकानांच्या पायऱ्या, आणि त्यात आता कोल्हापूर-बेळगावच्या रुंद गाड्या. लागणारच. पण तू लिहितेस, “कट्ट आवाज झाला, आरशात बघितलं, कोणी नव्हतं, मग निघाले.” बाय, आरशात तू माणूस शोधलास गो. गाडी नाही बघितलीस.

आता तुझा बंपर. “बंपर असतो कशाला, लागायलाच ना?” हे फियाटच्या जमान्यात कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तेव्हाचा बंपर लोखंडी, चकचकीत. ठण्ण वाजायचा आणि दोघे आपापल्या वाटेला. आताचा बंपर म्हणजे प्लास्टिकची साल. दाबली की आत जाते, सोडली की परत बाहेर येते आणि वरून काही झालंच नाही असं दिसतं. आतल्या क्लिपा तुटलेल्या असतात, सेन्सर वाकडा झालेला असतो. महिन्याभराने बंपर एका बाजूने तोंड वासतो आणि गाडीवाल्याला कळतही नाही कुठे लागली. हे आरशातून दिसत नाही. खाली उतरून, वाकून, हात लावून बघावं लागतं.

अमेरिकेतला बंपरच्या धक्क्याचा ताशी अडीच मैलांचा नियमही तू शोधून काढलास. शाबास. अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर, माणूस याहून जोरात चालतो. आणि तेवढ्या धक्क्याला दिवे, बोनेट शाबूत राहावेत एवढीच त्यात अपेक्षा आहे. लागली तर निघून जा, असं तिथेही कुणी लिहिलेलं नाही. पॅरिसमध्ये ढकलून जागा करत असतील तर करोत. कोल्हापूरचा माणूस पॅरिसच्या हिशेबाने गाडी लावून मासे खायला गेला नव्हता.

मी चिडलोय, ते कळतंय मला. कारण तुझं नाही, माझं आहे.

१९९४ चा श्रावण. मी एसटीवर ड्रायव्हर. देवगड तालुक्यातल्या एका गावात माझी वस्तीची गाडी. रात्री साडेनऊला पोचायची, पहाटे पावणेसहाला सुटायची. गाडी वळवायला देवळापुढची जागा. एका बाजूला वडाचा पार, दुसरीकडे चिऱ्याचा गडगा, आणि मध्ये कधीमधी तिथल्या डॉक्टरांची फियाट. एसटीत नियम साधा: कंडक्टर खाली उतरल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. तो पत्र्यावर हात मारत “येऊ दे, येऊ दे” म्हणणार, तेवढंच मागे जायचं. त्या रात्री कंडक्टर तापाने फणफणलेला, मागच्या सीटवर घोंगडी घेऊन पडलेला. पाऊस असा की टपावर गारगोट्या ओतल्यासारखा आवाज. मी म्हटलं, रोजची जागा आहे, अंदाज आहे आपल्याला.

अंदाज होता. फियाट होती हे विसरलो.

ठण्ण नाही, कुरकुर असा आवाज आला. मी उतरलो नाही. पाऊस होता. छत्री कंडक्टरकडे होती. तेरा तास ड्युटी झाली होती. ही कारणं खोटी नाहीत, आजही मी ती शपथेवर सांगेन. पहाटे उजाडताना बघितलं तर फियाटच्या मागच्या लाल दिव्याची काच फुटलेली, तुकडे चिखलात. दोन घंट्या झाल्या, मी गाडी काढली.

महिन्याभराने डॉक्टर माझ्या गाडीत आले. देवळापाशी पोचल्यावर कंडक्टरच्या आधी ते स्वतः खाली उतरले, छत्री उघडली, मागे जाऊन उभे राहिले आणि पत्र्यावर हात मारून म्हणाले, “येऊ दे... येऊ दे... बस!” एक शब्द जास्त नाही. मग वर चढून बॅग घेतली आणि घरी गेले. त्यापुढे अकरा वर्षं, जेव्हा जेव्हा शेवटच्या गाडीने आले तेव्हा तेव्हा त्यांनी हेच केलं. त्यांना माहीत होतं. माहीत आहे हे मला माहीत होतं. एका काचेचे पैसे होते ग! दुसऱ्या दिवशी नेऊन दिले असते तर त्या माणसाने चहा पाजून पाठवलं असतं. दुसऱ्या वर्षी ते जड झालं, पाचव्या वर्षी अशक्य. आता डॉक्टर नाहीत.

म्हणून मी घरच्या खळ्यातसुद्धा उतरून बघतो. मुलगा हसतो, म्हणतो गाडीला कॅमेरा आहे. असेल. आमच्या लाल धुळीत त्या कॅमेऱ्याला अर्धा दिवस मोतीबिंदू झालेला असतो. त्या रात्रीनंतर निवृत्तीपर्यंत माझ्या हातून पत्र्याला ओरखडा नाही, हे फुशारकीने सांगत नाही. थोडी फुशारकी आहे.

पैशाचं लवकर आटपतो. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान तुमच्या थर्ड पार्टी विम्यात बसतं आणि त्याने बाबांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जात नाही. जातो तो स्वतःच्या गाडीचा क्लेम केलास तर. तेव्हा आपला ओरखडा खिशातून रंगवून घे; तुमच्या छोट्या गाडीला क्लेममध्ये पहिले १,००० रुपये तसेही आपलेच असतात. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ फक्त माणूस जखमी झाला तरच, असं समजू नको. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं असतं. तुझे चार दिवस झालेत. तरी जा. हसतील तिथे. हसू देत.

“आता गाडीवाला सापडणार कुठे?” अगो, तू पैसे भरून पार्किंगमध्ये होतीस ना? पावतीवर गाडीचा नंबर लिहितात, अर्धी त्या पोराच्या पुस्तकात राहते. तुझ्या पावतीच्या पुढेमागे कोल्हापूरचे एमएच ०९ किती असतील? दोन, फार तर तीन. नंबर घेऊनच पोलिसांकडे जा, म्हणजे मालकापर्यंत निरोप पोचवणं त्यांनाही सोपं. फोन लागला की पॅरिसपासून सुरुवात करू नको. “माझी गाडी तुमच्या गाडीला लागली, मी उतरले नाही” एवढंच म्हण आणि गप्प बस. तो ओरडेल. त्याला ओरडू दे.

पावतीवाल्या पोराला सकाळी आठच्या आत गाठ, नंतर त्याला मान वर करायला फुरसत नसते. आणि गाडी घेऊन जाऊ नको, लावायला जागा मिळणार नाही. चालत जा.

तुझा,
आबा