नुसतं बोलून व्यसन सुटतं का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा 22 वर्षांचा आहे, दीड वर्षापासून एमडी (मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ) घेतोय. एका केंद्रात 20 दिवस ठेवला, छान होऊन आला आणि पंधरवड्यात परत सुरू. आता डॉक्टर म्हणतात दर आठवड्याला काउन्सेलिंगला आणा. ह्यांचं म्हणणं, नुसत्या गप्पांना पैसे कशाला, एखादी गोळी द्या म्हणावं. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी गोळीचं सांगते. दारूसाठी, ब्राऊन शुगरसाठी उपयोगी औषधं आहेत, पण एमडीची ओढच घालवेल अशी खात्रीची गोळी अजून नाहीये. झोप, उदासी यासाठी डॉक्टर औषध देतील ते बंद करू नका, पण इथे मुख्य उपचार म्हणजे थेरपीच, त्या गप्पा नाहीत हो.

20 दिवसांत शरीरातून माल गेला, पण घरी आल्यावर तोच कट्टा, तेच मित्र, तोच मोबाईल, आणि हे समोर आलं की काय करायचं ते त्याला कोणी शिकवलंय का? थेरपीत हेच करतात. तलफ कधी येते, पगाराच्या दिवशी का, तुमच्याशी भांडण झाल्यावर का, रात्री झोप येत नाही तेव्हा का, हे त्याच्याकडूनच काढून घेतात, मग मित्राचा फोन आला तर नाही कसं म्हणायचं याची चक्क प्रॅक्टिस करून घेतात. तलफ लाटेसारखी चढते आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ कसा काढायचा हे शिकावं लागतं. परत घेतली म्हणजे सगळं वाया गेलं असं मुळीच नाही, कुठे घसरला ते बघून पुढचा प्लॅन बदलतात.

आणि तुम्हा दोघांनाही जावं लागेल, हे मला फार कळकळीने सांगायचंय. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथेही पेशंटबरोबर घरच्यांचं समुपदेशन होतं, कारण पैसे द्यायचे की नाही, खोटं बोलला तर काय, सारखे खिसे तपासायचे का, हे घरातच ठरतं. तुम्ही गुपचूप उधारी फेडत असाल तर तेही तिथे सांगा, कोणी रागावणार नाही.

मरणाची भाषा केली किंवा भास व्हायला लागले तर आठवड्याची वाट न बघता लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, फोन फुकट आहे, ह्यांनाही शेजारी बसवून लावा.