२०२१ची साधी बूर्गोन्य ब्लाँ चाखताना

आपण २०२१ची 'बूर्गोन्य ब्लाँ' (फ्रान्समधील बरगंडी प्रांताची साधी पांढरी वाइन) आंबट आणि पातळ ठरवलीत, परंतु निकाल देण्यापूर्वी त्या वर्षी बरगंडीत काय घडले ते लक्षात घ्यावे. मार्चअखेरच्या उष्णतेने वेली लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या आरंभी हिमतुषाराने कोवळे कोंब जळाले. पांढऱ्या वाइनचे द्राक्ष शार्दोने हे लाल वाइनच्या पिनो न्वारच्या आधी फुटत असल्यामुळे पांढऱ्या वाइनची हानी अधिक झाली, आणि पुढे थंड, ओलसर हंगामात केवडा या बुरशीजन्य रोगानेही (नाशिकच्या बागायतदारांना हा शत्रू नवा नाही) पीक घटवले. अशा वर्षी आम्लता धारदार व अंग (तोंडात जाणवणारा भार) हलके असणे हा दोष नव्हे.

बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटे थांबावे, कारण अतिथंड वाइनमध्ये आम्लच तेवढे जाणवते. १० ते १२ अंश सेल्सिअसला सुगंध खुलतो. घोट गिळल्यावर लिंबाची, हिरव्या सफरचंदाची चव रेंगाळते की नुसती धार उरते, हे पाहावे. कच्च्या फळावर ओकच्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास चढवलेला आढळला, तर मी निःसंकोच गुण कापतो. तुलना पुलिन्यी-मोंत्राशे या बरगंडीतल्याच नामांकित, महागड्या पांढऱ्या वाइनशी नको. त्याच वर्षीच्या माकों-व्हिलाजशी, म्हणजे दक्षिण बरगंडीतल्या साध्या पांढऱ्या वाइनशी, करावी.