लॅश : मारायचा आणि आवळायचा

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, चादरींचे गठ्ठे परगावी पाठवायचेत. वाहतुकीच्या इंग्रजी कागदावर 'गठ्ठे नीट लॅश करावेत' असं आहे. शब्दकोशात पहिलाच अर्थ 'चाबकानं मारणे'. गठ्ठ्यांना कशाला मारायचं?"

हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, रूप तेवढं एक. आपला नान्नजचा माळ वेगळा नि सिद्धेश्वराला घातलेली माळ वेगळी, तसंच. आपल्याकडे निदान 'तो माळ', 'ती माळ' असं लिंग मदतीला येतं. इंग्रजीत तीही सोय नाही.

बांधायचा लॅश जुन्या फ्रेंचमधून आला. मुळाशी लॅटिनमधला फासाचा शब्द आहे, 'लाक्वेउस'. बुटाची लेस त्याच घरातली, गुरं पकडायचा लॅसोही. माल लॅश करायचा म्हणजे दोर टाकून, ट्रकच्या कड्यांत अडकवून करकचून आवळायचा.

मारायचा लॅश बघायचा तर पोतराजाचा कोरडा आठवा. मुठीशी जाड, पुढे निमुळता होत जाणारा. तो हवेत फिरतो आणि फट्कन वाजतो. इंग्रजीत अख्ख्या चाबकाला व्हिप म्हणतात. दांड्यापुढचा लवचिक भाग तो लॅश, आणि त्याचा फटकाही लॅशच. 'फट्' होतं तेव्हा चाबकाचं टोक आवाजापेक्षाही वेगानं गेलेलं असतं.

इथून पुढे मराठी फार श्रीमंत आहे, म्हणून सगळीकडे 'फटका' लिहू नये असं मला मनापासून वाटतं. म्हशीच्या शेपटीचा फटकारा, पावसाचे सपकारे, कोणावर 'लॅश आउट' केलं तर कोरडे ओढले. गाडीला मागून धडक बसून मान हिसडली जाते ते व्हिपलॅश. तिथे 'मानेला हिसडा' पुरेसं आहे. पापणीच्या केसांनाही लॅश म्हणतात, पण आपण नुसतं 'पापण्या' म्हणूनच भागवतो.

बॅकलॅश म्हणजे लोकांची उलटी, तीव्र प्रतिक्रिया हे वर्तमानपत्रांमुळे माहीत असतं. यंत्रात मात्र तो दातेरी चाकांमधला ढिलेपणा : चाक उलटं फिरवलं की दुसरं लगेच दाद देत नाही, आधी थोडी जागा रिकामीच जाते.

ओळखायचं कसं? 'आउट' आलं की मारणं किंवा तुटून पडणं, 'टुगेदर' आलं की बांधणं. 'डाऊन' मात्र फसवतं. पाऊस 'लॅश डाऊन' करतो तेव्हा झोडपतो, माणूस माल 'लॅश डाऊन' करतो तेव्हा आवळतो. तिथे कर्ता कोण, हेच बघावं लागतं.

भाच्यानं कागदाखाली मराठीत लिहिलं, "गठ्ठे दोरानं घट्ट आवळून बांधावेत." हमालानं वाचलं आणि एवढंच विचारलं, "दोर सुती का नायलॉनचा?"