पहारेकरी: पाहणारा नव्हे, प्रहर भरणारा

प्रश्न असा: ‘छळछावणीच्या माजी सुरक्षारक्षकाला शिक्षा’ असं बातमीत वाचलं; तिथे सुरक्षारक्षक चालेल की पहारेकरी हवं?

सुरक्षारक्षक मुळीच चालणार नाही. हा शब्द कुठेही डकवलेला ऐकून कान किटले. सोसायटीच्या फाटकावर बसतो तो सुरक्षारक्षक. आतल्या माणसांना तो राखतो. डान्झिगजवळच्या (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) श्टुटहोफ या नाझी छळछावणीत मनोऱ्यावर उभा राहणारा, बातमीतला ब्रुनो डे आत कोंडलेल्यांचं कसलं रक्षण करत होता? ती माणसं निसटू नयेत म्हणून तो तिथे होता.

पहारेकरीच म्हणा. पण ‘पाहतो तो पहारेकरी’ ही व्युत्पत्ती जाणकार म्हणवणारेसुद्धा देतात, ती साफ चूक आहे. पहारा आला प्रहरावरून. संस्कृत प्रहर, प्राकृत पहर, त्यातून आपला पहारा. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा. एकाची पाळी सरली की दुसरा उभा. आणि प्रहर कुठला? प्र + हृ, म्हणजे हाणणे, प्रहारही त्यातलाच. वेळ झाली की टोला पडायचा, त्या टोल्याचंच नाव काळाला मिळालं. आपला ‘तास’ बघा: टोले द्यायची धातूची थाळी ती तास. तो फारसीतून आला, प्रहर संस्कृतातला, पण दोन्हींत वेळ कानानेच मोजली आहे! ‘करी’ तर वारकऱ्यातला: वारी करतो तो वारकरी, पहारा करतो तो पहारेकरी.

‘पाहणे’वाल्यांशी मी भांडतो ते यासाठी, की त्यांचं मानलं तर पहारेकरी नुसता बघ्या ठरतो. पहारा देण्यापलीकडे आपला काही हात नव्हता आणि तोही हुकमाने दिला, असंच डेचं म्हणणं होतं. गॅसकोठडीतला आरडाओरडा ऐकल्याचं त्याने कबूल केलं. त्याने स्वतः कुणाला गोळी घातली असा आरोपच नव्हता. तरी जुलै २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्या ९३ वर्षांच्या माणसाला ५,२३२ खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवलं. गुन्ह्याच्या वेळी तो १७ वर्षांचा, म्हणून खटला बाल न्यायालयात चालला; शिक्षा दोन वर्षांची, तीही स्थगित. ऑगस्ट १९४४ ते एप्रिल १९४५ एवढा काळ तो तिथे तैनात होता. ५,२३२ हा आकडा त्याच्या पहाऱ्यातला आहे.